चाचांचा गुरुवार

चाचांसमोर 'नेहमी' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. "आमच्याकडे नेहमी असंच करतात," असं कुणी म्हणालं, की ते चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "कधीपासून?" आवाजात उपरोध नसे, चीडही नसे. डॉक्टर 'ताप कधीपासून आहे' विचारतात, तितकंच साधं. पण आमचे हिशेब विभागाचे प्रमुख, जे मालकांनाही फारसे भीत नसत, ते या प्रश्नाला भीत. कारण छाती काढून 'नेहमी' म्हणणाऱ्या माणसाला जरा वेळानं आठवायचं की ती पद्धत कुठल्याशा जुन्या ठेक्यापुरती सुरू झाली होती. ठेका संपला, ठेका घेणारा देशी परतला, आणि पद्धत मात्र न सांगता राहून गेली.

आमची कंपनी कुवेतमधल्या मीना अब्दुल्लाच्या कारखान्यांना माणसं पुरवते. फिटर, वेल्डर, क्रेनवाले, रिगर. त्यांच्या पाळ्या, रजा, जादा तास, करार, फाटकाचे पास, हे सगळं ज्या संगणक यंत्रणेवर चालतं ती आखण्याचं काम चाचांचं, आणि त्यांनी आखलेलं कुठं फुटतंय का हे बघण्याचं काम माझं. चाचा मूळचे दापोलीकडच्या एका किनाऱ्यावरच्या गावचे. आडनाव बुरोंडकर. पण मल्याळी टायपिस्टपासून इजिप्शियन वकिलापर्यंत कुणालाच ते धड उच्चारता येईना, म्हणून सगळ्या ऑफिसचे ते चाचा झाले. मला ते 'पुणेकर' म्हणत. त्यात कौतुक किती आणि आरोप किती, हे मी कधी विचारलं नाही. पुण्याच्या माणसानं विचारू नयेत असे काही प्रश्न असतात.

नवी आखणी तयार झाली की चाचा तिची परीक्षा घेत, आणि ती बघायला शेजारच्या विभागातली माणसंसुद्धा चहा घेऊन येत. चाचा खोलीबाहेर जात, दार ओढून घेत आणि बाहेरून ठकठक करत.

"कोण?" आम्ही विचारायचं.

"मी नवा नियम. उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम बंद. कुठं बसू?"

मग ज्यानं आखणी केली त्यानं उठून दाखवायचं की या पाहुण्याला यंत्रणेत जागा कुठं आहे. "चाचा, त्यासाठी दोनचार प्रोग्रॅम बदलावे लागतील," असं उत्तर आलं की दाराबाहेरून आवाज यायचा, "म्हणजे भिंत पाडणार. मग नाय येत मी. गरिबाचं घर मोडून मला बसायचं नाय."

हे ते शिकले होते मालकांच्या दिवानियात. दिवानिया म्हणजे कुवेती घरातली पुरुषमंडळींची बैठक, भिंतीला लागून चहूबाजूंनी गाद्या. चाचा म्हणत, "बघितलंस ना पुणेकर, कितीही माणसं येऊ देत, कुणी गवंडी बोलवत नाय. सगळे जरा सरकतात. सिस्टिम अशी पायजे. सरकणारी." एवढीशी गोष्ट सांगायला मोठ्या कंपन्यांचे सल्लागार आमच्याकडे दोन दिवस रंगीत चित्रं दाखवून गेले होते. त्यांच्या चित्रांत बाण फार होते आणि बसायला जागा कुठंच नव्हती.

त्यांचा दुसरा शब्द म्हणजे 'गुरुवार'. कुणाच्याही कामात एखादी गृहीत धरलेली, आत खोल गाडलेली गोष्ट सापडली की ते म्हणत, "इथं एक गुरुवार राहिलाय." नव्या माणसाला हे कळत नसे. मलाही कळलं नव्हतं. मग एका दुपारी त्यांनी सांगितलं.

पूर्वी कुवेतमध्ये आठवड्याची सुट्टी गुरुवार-शुक्रवार असे. ती बदलून शुक्रवार-शनिवार झाली तेव्हा चाचा दुसऱ्या एका कंपनीत होते, वयानं चाळिशीतले, स्वभावानं खात्रीशीर. तिथल्या यंत्रणेत 'गुरुवारी सुट्टी' हे वाक्य कुणी एका जागी लिहिलेलं नव्हतं. ते शेकडो ठिकाणी विरघळलेलं होतं, आमटीतल्या मिठासारखं. सगळ्यांनी मिळून गुरुवार वेचायला घेतले. पगारातले काढले, हजेरीतले काढले, पाळ्यांतले काढले. झालं म्हणून जाहीर केलं. रजेच्या चिठ्ठीतला एक राहून गेला.

संगमेश्वरकडचा एक फिटर रजेवर गावी गेला होता. त्याची रजा बुधवारी संपत होती. यंत्रणेनं त्याच्या चिठ्ठीवर जुन्या हिशेबानं छापलं की गुरुवार-शुक्रवार सुट्टी, शनिवारी हजर व्हा. शनिवारी नवी सुट्टी, म्हणून तो बिचारा रविवारी पहाटे कामावर आला. तोवर हजेरीनं, जिच्यातला गुरुवार काढून झाला होता, त्याला गुरुवारी गैरहजर धरलं होतं आणि रजेनंतर न सांगता गैरहजर म्हणून त्याचा फाटकाचा पास बंद करून टाकला होता. माणूस उन्हात फाटकाबाहेर उभा, खांद्याला गावाहून आणलेली पिशवी, हातात त्याच यंत्रणेनं दिलेली चिठ्ठी. पहारेकरी चिठ्ठी वाचायला तयार नाही, कारण पडद्यावर लाल दिसतंय.

"मी गेलो तिथं," चाचा म्हणाले. "पास चालू होईपर्यंत त्याच्याबरोबर उभा राह्यलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. तो मला एकच विचारत होता. साहेब, माझं काय चुकलं? मी म्हटलं, बाबा, तुझं नाय, मशीनचं चुकलं. तर म्हणतो, मग मशीनला उन्हात उभं करा ना."

त्यानंतर चाचांनी स्वतःला एक शिस्त लावून घेतली. नियम प्रोग्रॅमच्या पोटात गाडायचा नाही. तो बाहेर, डोळ्यांसमोर ठेवायचा, आणि प्रत्येक नियमाला दोन तारखा द्यायच्या: कधीपासून आणि कधीपर्यंत. जुना नियम खोडायचा नाही, त्याला शेवटची तारीख देऊन निरोप द्यायचा. नव्याला सुरुवातीची तारीख देऊन आत घ्यायचं. 'कधीपर्यंत' माहीत नसेल तर ती जागा रिकामी सोडायची, पण जागा असली पाहिजे. रमजानचे कामाचे तास सुरू व्हायचे असले की इतर कंपन्यांत चंद्र दिसेपर्यंत धावपळ असे. आमच्याकडे चंद्र दिसला की चाचा एक तारीख भरत आणि घरी जात.

घर फिंतासला. बायको, आणि एकुलती एक मुलगी सना. घरात चाचा आणि चाची गावची बोली बोलत, मला मराठी ऐकवत, आणि सना सगळ्यांना इंग्रजीतून उत्तरं देई. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली ही मुलगी बालवर्गापासून एकाच भारतीय शाळेत होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं आणि ते ती ठरवल्यासारखं बोलत नसे, कळवल्यासारखं बोले. "चाचा, मुलगी तुमच्यावर गेलीय," मी म्हणायचो. "नाय रे. मी विचारतो तरी. ती ऑर्डर काढते."

सना बारावीत गेली त्याच एप्रिलात आमच्या कंपनीत परिवर्तन आलं.

ते दुबईहून आलं, निळ्या सुटात. त्यांचं पद इंग्रजीत इतकं लांब होतं की त्यांच्या दारावरची पाटी दोन ओळींत गेली. आम्ही त्यांना परिवर्तनसाहेब म्हणू लागलो. माणूस दिल्लीकडचा, बोलायला गोड, वाईट मुळीच नाही. फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट मंचावरून सांगायची सवय होती. त्यांनी आम्हा सगळ्यांना खैरानला समुद्रकाठी एका रिसॉर्टमध्ये नेलं. दारातच टी-शर्ट वाटले. छातीवर 'बदलाला मिठी मारा' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य. चाचांना त्यांच्या मापाचा मिळाला नाही, त्यामुळे बदल त्यांच्या पोटावर ताणून बसला होता. आम्हाला डोळे मिटून मागे पडायला लावलं, सहकाऱ्यांनी झेलायचं म्हणून. हिशेब प्रमुखांना झेलायला कुणी पुढं होईना.

जेवणानंतर परिवर्तनसाहेबांनी पडद्यावर 'तरुण कंपनी' अशी अक्षरं आणली. आजपासून कुणाच्याही कराराचं वयाच्या साठ वर्षांनंतर नूतनीकरण होणार नाही. नवं रक्त, नवी ऊर्जा. टाळ्या पडल्या. बुफेनंतर टाळ्या पडतातच.

चाचांनी चष्मा कपाळावर चढवला. "कधीपासून?"

"तत्काल, चाचाजी."

"तत्काल ही तारीख नाय, साहब. सिस्टिम में तारीख लगती है."

परिवर्तनसाहेब हसले. "ठीक है. पहली मई."

चाचांनी कागदी रुमालावर ती तारीख लिहून घेतली. चाचांचे साठ जुलैत पुरे होत होते आणि त्यांचा करारही जुलैअखेर संपत होता. करार संपला की इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना संपतो; तो त्यांचा संपला की त्यांच्यावर अवलंबून असलेल्या बायको-मुलीचाही. सनाची परीक्षा त्यानंतर कितीतरी महिन्यांनी.

परतताना गाडीत मी म्हणालो, "चाचा, हा नियम कोण भरणार यंत्रणेत?"

"कोण म्हणजे? तुझ्या पुण्यातनं माणूस आणायचाय का?"

त्यांनी तो भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिल्या चहाच्या आधी. मी तपासला. नियम बरोबर चालत होता. त्यानं जी नावं निवडून पुढं केली त्यांत बुरोंडकर होतं, एक मल्याळी क्रेनवाला होता, गोव्याचा एक स्टोअरकीपर होता. चाचांनी ती नावं वाचली आणि म्हणाले, "काम करतोय."

परिवर्तनसाहेबांना हे नाव दिसलं तेव्हा ते स्वतः खाली आले. त्यांच्या नव्या योजनेतलं निम्मं चाचांच्या खांद्यावर होतं, एवढं त्यांनाही कळत होतं. "चाचाजी, ये आपके लिए थोड़े ही है. आप अपना नाम बाहर रख दीजिए. एक अपवाद."

"नाम का नियम नाय होता, साहब. आज मेरा नाम डालूंगा, कल आप किसी और का डलवाओगे. मग सिस्टिम नाय, पाहुण्यांची यादी होते ती."

शेवटचं वाक्य त्यांना कळलं नाही. मला कळलं. मी चिडलो. बाहेर आल्यावर म्हणालो, "चाचा, तत्त्वं ठेवा कपाटात. सनाचं वर्ष आहे."

"म्हणूनच म्हणतो. नियम आणू आपण. दार वाजवून. त्यात मी बसलो तर बसलो."

आणि त्यांनी नियम लिहिला. ज्या कर्मचाऱ्याचं मूल शाळेच्या शेवटच्या वर्गात आहे, त्याचा करार मुलाची परीक्षा होईपर्यंत चालू राहील. सुंदर नियम होता. क्रेनवाल्याचा मुलगा त्यात बसत होता, स्टोअरकीपरची मुलगी बसत होती, आणि कुणाचंही नाव न घेता सनाही बसत होती. फक्त शेवटची ओळ मला खटकली. तिथं लिहिलं होतं, 'शालेय वर्षाच्या आरंभापासून लागू'.

"चाचा, तारीख?"

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं न बघता उत्तर दिलं. "लिहिलंय ना. शाळेचं वर्ष म्हणजे एप्रिल. सगळ्यांना माहीताय."

मला वाटतं, त्यांना लाज वाटत होती. आयुष्यभर दुसऱ्यांकडून तारीख वसूल करणाऱ्या माणसाला, जिच्यात स्वतःची मुलगी बसते अशी तारीख स्वतःच्या हातानं लिहिणं जमलं नाही. कुणी म्हणेल, चाचांनी आपल्या सोयीची तारीख घातली. म्हणून त्यांनी ती शाळेवर सोपवली.

तो कागद घेऊन ते मालकांच्या दिवानियात गेले. मालकांना सगळे बू सालेम म्हणत, म्हणजे सालेमचे वडील. आणि मालक चाचांना गमतीनं बू सना म्हणत. मी बरोबर होतो. आम्हाला जागा करायला माणसं जरा सरकली. कडू कॉफी झाली. बू सालेमनी कागद वाचला, मान हलवली आणि म्हणाले की मुलाची परीक्षा ही मोठी गोष्ट, याला कोण नाही म्हणेल. मग कागद सेक्रेटरीकडं दिला, अरबीत करून सही-शिक्क्याला आणायला सांगितलं. परत येताना एगैलाच्या मॉलपाशी गाडी थांबवून चाचांनी सनासाठी केक घेतला आणि मला एक तुकडा देईपर्यंत त्यांना धीर निघाला नाही. इतकं खूश मी त्यांना त्याआधी बघितलं नव्हतं.

बू सालेमनी सही केली आणि ते उन्हाळ्यासाठी युरोपात डोंगरात निघून गेले. परिपत्रक जुलैच्या सुरुवातीला आलं. वरच्या अर्ध्या भागात अरबी, खाली इंग्रजी. नियम शब्दशः तोच होता. शेवटी सेक्रेटरीनं, यंत्रणेला तारीख लागते हे चाचांनीच सगळ्या ऑफिसला शिकवलेलं असल्यामुळे, तारीख घातली होती. एक सप्टेंबर.

मी दोनदा वाचलं. चाचांनी एकदाच. ते म्हणाले, "बरोबराय. त्यांच्या शाळा सप्टेंबरला उघडतात."

एवढंच होतं. कुवेतच्या अरबी शाळांचं वर्ष सप्टेंबरात सुरू होतं आणि आमच्या भारतीय शाळांचं एप्रिलात. वर्षानुवर्षं शेजारी राहून ही गोष्ट एकमेकांना सांगायची कधी वेळच आली नव्हती. सेक्रेटरीचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या मुलांचं वर्ष त्याला ठाऊक होतं, चाचांना आपल्या मुलीचं.

"हा माझाच गुरुवार," चाचा म्हणाले.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला आवडत नाहीत. मी सेक्रेटरीला गाठलं. तो म्हणाला, निरोप दिला आहे. परत गाठलं. बू सालेम डोंगरात आहेत, फोन लागत नाही, इन्शाअल्ला उद्या. इथला 'उद्या' ज्यांनी पाहिला आहे त्यांना जास्त सांगायला नको. मनुष्यबळ विभाग म्हणाला, सही झालेली तारीख आम्ही कशी बदलणार. वकील म्हणाले, मजकूर स्पष्ट आहे. परिवर्तनसाहेबांना खरंच वाईट वाटलं. ते म्हणाले की ते पूर्णपणे पाठीशी आहेत. फक्त लेखी देणार नाहीत. बदलाला मिठी मारायला निघालेली सगळी मंडळी एका तारखेजवळ येताना हात मागं बांधून येत होती. घरी चाची सामान बांधायचं की नाही हे विचारत नसत, आणि तेच चाचांना जास्त लागे.

मग एका दुपारी परिवर्तनसाहेब पुन्हा खाली आले आणि दार लावून घेऊन हळू बोलले. "चाचाजी, रूल तो आप ही भरेंगे. चाबी आपके पास है. सितंबर की जगह अप्रैल डाल दीजिए. बू सालेम लौटेंगे तो मैं समझा दूंगा. कौन पूछेगा?"

ते गेले. खोलीत आम्ही दोघंच. वातानुकूलन घुमत होतं. चाचांनी पडद्यावर नवा नियम उघडला. मजकूर भरला. 'कधीपासून'च्या रकान्यात एक एप्रिल लिहिलं.

खोटं कशाला बोलू, मनात म्हणत होतो, दाबा बटण. हा काही दरोडा नव्हता. मालकांच्या मनात तेच होतं. त्यांनी समोर बसून मान हलवलेली मी पाहिली होती. चाचा त्या तारखेकडं बघत राहिले. मग उठून चहा घेऊन आले, माझ्यासाठीही आणला, आणि तो पूर्ण पिऊन झाल्यावर त्यांनी एप्रिल खोडून सप्टेंबर केलं.

"चाचा."

"ऐक. माझ्यासाठी तारीख मागं सरकली, की उद्या कुणाच्यातरी विरुद्धही सरकेल. कुणाला कळणारसुद्धा नाय. आज पहारेकरी पडदा लाल दिसला तर चिठ्ठी वाचत नाय. उद्या चिठ्ठीही खोटी आणि पडदाही खोटा. मग त्या फाटकावर जाऊन उभं कोण राहणार? तू?"

"तुमच्या पोरीचं काय?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तिचा बाप तारीख लिहायला विसरला," म्हणाले. "तेच सांगायचं तिला. दुसरं काय?"

त्यांनी नियम जतन केला. मी तपासला. बरोबर चालत होता.

जुलैअखेर मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. सकाळचं विमान होतं. सनाला रत्नागिरीच्या एका शाळेत बारावीत घेतलं होतं. कागदपत्रं कशीबशी झाली होती. ती कानात वायर घालून बॅगांवर बसली होती. चाची माझ्या बायकोसाठी निरोपावर निरोप सांगत होत्या. निघताना सना उठली, कानातली वायर काढली आणि बापाला ऐकू जाईल अशा बेतानं मला म्हणाली, "अंकल, इट वॉज जस्ट वन फील्ड."

चाचांनीच उत्तर दिलं. "हो. एकच होता."

मी आजही या बाबतीत सनाच्या बाजूचा आहे. चाचांना ते फोनवर सांगितलंही आहे. ते म्हणतात, "तू तपासणारा माणूस. तुझं काम चूक काढायचं. काढ." सना त्या वर्षी बापाशी कामापुरतं बोलत होती. बारावी चांगली झाली, मेडिकलचा प्रवेश एका परीक्षेत हुकला, दुसरीत मिळाला. आता सोलापूरला शिकते आहे आणि तिकडच्या रुग्णांशी बोलून तिचं मराठी माझ्या मुलापेक्षा बरं झालं आहे. चाचा गावी असतात. मच्छीमार सोसायटीच्या लोकांना बोटींच्या फेऱ्यांचं काहीतरी संगणकावर बसवून दिलं आहे. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी त्यात एका ओळीत आहे, दोन तारखांसह. बोटी चालवणारे जुने तांडेल म्हणाले होते, बंदी नेहमी त्याच दिवशी उठते. तिथं पुढं काय झालं ते मला सांगायला नको.

इकडं तो नियम अजून चालू आहे. ज्यांचे करार सप्टेंबरनंतर संपत होते तो क्रेनवाला त्यावर राहिला, तो स्टोअरकीपर राहिला, नंतर आणखीही काही जण. नियम कुणी लिहिला हे त्यांच्यापैकी एकालाही माहीत नाही. मूल कुठल्या शाळेत शिकतं हे विचारणारा एक रकाना त्यात वाढला आहे. तो वाढवायला भिंत पाडावी लागली नाही.

तो रकाना आला सप्टेंबरात. बू सालेम युरोपातून परतले आणि पहिल्याच बैठकीला आले. टेबलाभोवती नजर फिरवून म्हणाले, "बू सना कुठं आहेत?"

परिवर्तनसाहेबांनी कागद नीट लावले. हिशेब प्रमुख पाणी प्यायले. शेवटी मीच सांगितलं की ते गेले, जुलैअखेर, आणि का गेले. निरोप बू सालेमना मिळालेच नव्हते. त्यांनी परिपत्रक मागवून घेतलं आणि आपल्याच सहीपर्यंत वाचत आले.

"पण हे तर मी त्यांच्यासाठीच केलं होतं," ते म्हणाले. मग कागदावरून वर बघत त्यांनी मला विचारलं, आणि त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, "तुमच्या शाळा एप्रिलला सुरू होतात? कधीपासून?"

"नेहमीच," मी म्हणालो.

आणि थांबलो, सवयीनं. पण खोलीत कुणी काही विचारलं नाही.